अल्पवयातील गुन्ह्याची नोंद आणि पोलिसातली नोकरी

वयाची १८ वर्षे पूर्ण होण्याआधी हातून घडलेल्या गुन्ह्यामुळे भारतात पोलीस दलाचे दार कायमचे बंद होत नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा तसे स्पष्ट सांगतो, आणि एक मोठा अपवाद सोडला तर ही हमी पक्की आहे. तरीही धावणे झाले, गोळाफेक झाली, लेखी परीक्षा झाली, निवड यादीत नाव लागले आणि मग चारित्र्य पडताळणीत पंधराव्या-सोळाव्या वर्षीचे एखादे प्रकरण आडवे आले, असे उमेदवारांच्या बाबतीत घडते. अशी प्रकरणे उच्च न्यायालयांपर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत पुन्हा पुन्हा गेली आहेत.

इतर खात्यांपेक्षा पोलीस भरतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, त्याला कारण आहे. शिक्षण खात्याला किंवा महसूल खात्याला उमेदवाराचा पूर्वेतिहास पोलिसांकडून मागवावा लागतो. पोलीस भरतीत मात्र नोंद करणारे, ती जपणारे, पडताळणीचा अहवाल लिहिणारे आणि तो वाचून नेमणूक द्यायची की नाही हे ठरवणारे खाते एकच असते. मुलाची जुनी नोंद उघड करू नये हे कायद्याचे बंधन ज्याच्यावर आहे, त्यालाच त्या नोंदीत सर्वाधिक रस असतो. बहुतेक गुंते येथूनच सुरू होतात.

नोंद मुळात तयार कशी होते हे आधी पाहायला हवे. समजा, गावच्या यात्रेत दोन आळ्यांतल्या पोरांची जुंपली. सोळा वर्षांच्या एका मुलाने काठी उचलली आणि समोरच्याचे डोके फुटले, चार टाके पडले. अशा गुन्ह्याला प्रौढांच्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद असेल, तर बाल न्याय कायद्याच्या भाषेत तो किरकोळ गुन्हा ठरतो. किरकोळ, गंभीर आणि निर्घृण अशी या कायद्यात तीन प्रतींची विभागणी आहे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे तो निर्घृण; या दोहोंच्या मधले गंभीर. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार मुलाविरुद्ध प्रथम खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर, दोनच परिस्थितींत नोंदवायचा असतो: गुन्हा निर्घृण असेल तर, किंवा तो प्रौढांच्या साथीने केल्याचा आरोप असेल तर. एरवी पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या स्टेशन डायरीत, माहिती लिहायची आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. हे काम प्रत्येक ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचे.

म्हणजे यात्रेतला तो मुलगा एकटा असेल, किंवा त्याच्याबरोबरचे सगळे त्याच्याच वयाचे असतील, तर एफआयआर होतच नाही. पण त्याचा बावीस वर्षांचा चुलतभाऊ त्या मारामारीत असला, तर गुन्हा नोंदवला जातो आणि आरोपींच्या यादीत थोरल्यांच्या खाली मुलाचेही नाव येऊ शकते. पुढे मुलाचे प्रकरण मंडळाकडे वेगळे जाते, कारण मूल आणि प्रौढ यांची सुनावणी एकत्र करता येत नाही. मंडळ समज देऊन त्याला घरी सोडते. चुलतभावाचा खटला मात्र वर्षानुवर्षे चालतो आणि त्या खटल्याच्या कागदांत मुलाचे नाव तसेच राहते. काठी तीच, यात्रा तीच, पण एका प्रसंगात दैनंदिनीतल्या चार ओळी आणि दुसऱ्यात गुन्हा रजिस्टरचा क्रमांक. पुढे शिपाई भरतीच्या वेळी या दोन मुलांची परिस्थिती सारखी नसते.

बाल न्याय मंडळ म्हणजे एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत किमान एक स्त्री. येथे आरोपी, खटला, दोषसिद्धी असे शब्द शक्यतो वापरत नाहीत. मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात आणि जे चालते ती चौकशी. दोषारोप करणारी भाषा टाळावी, हे कायद्याने आपल्या मूलभूत तत्त्वांतच घातले आहे. चौकशीअंती मंडळ समज देऊन सोडू शकते, समुपदेशनाला पाठवू शकते, समाजसेवेचे काम सांगू शकते, पालकांना दंड भरायला लावू शकते, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते किंवा जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवू शकते. किरकोळ गुन्ह्याची चौकशी मुदतवाढ देऊनही संपली नाही, तर ती तिथेच संपुष्टात येते. ही तरतूद उमेदवारांना फारशी ठाऊक नसते आणि ‘आपले प्रकरण अजून चालूच आहे’ या समजुतीत ते राहतात.

यानंतर नोकरीच्या दृष्टीने महत्त्वाची अशी तीन कलमे येतात. कलम ३ मधील तत्त्वांमध्ये नव्या सुरुवातीचे तत्त्व आहे: विशेष परिस्थिती वगळता बाल न्याय व्यवस्थेतील मुलाच्या मागील सर्व नोंदी पुसल्या जाव्यात. कलम २४ म्हणते की ज्या मुलाच्या प्रकरणाचा निकाल या कायद्याखाली लागला आहे, त्याला त्या गुन्ह्यापोटी इतर कोणत्याही कायद्यातील अपात्रता चिकटणार नाही. ‘इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी’ अशीच या कलमाची सुरुवात आहे, त्यामुळे सेवाप्रवेशाचे नियमही त्याखाली येतात. याच कलमानुसार मंडळाने पोलिसांना नोंदी नष्ट करण्याचा आदेश द्यायचा असतो. तिसरे कलम ७४. मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करायला ते मनाई करते, हे बातमीदारांना चांगले माहीत असते. त्याचे दुसरे पोटकलम मात्र सहसा वाचले जात नाही. प्रकरण प्रलंबित असो, बंद झालेले असो किंवा निकाली निघालेले असो, चारित्र्य प्रमाणपत्रासाठी किंवा अन्य कारणासाठी पोलिसांनी मुलाची नोंद उघड करू नये, असे त्यात नेमके म्हटले आहे. पहिल्या पोटकलमाच्या, म्हणजे ओळख प्रसिद्ध करण्याच्या मनाईच्या, भंगाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

ही कल्पना २०१५ मध्ये अचानक उगवलेली नाही. मुलांसाठी वेगळा कायदा असावा हा विचार मुंबई इलाख्यात १९२४ च्या बालक अधिनियमापासून रुजलेला आहे. १९८६ च्या केंद्रीय कायद्यात मुलगा १६ वर्षांपर्यंत आणि मुलगी १८ वर्षांपर्यंत बाल मानली जाई. २००० च्या कायद्याने दोघांसाठी १८ हे एकच वय केले. अपात्रता दूर करणारी आणि नोंद नष्ट करायला सांगणारी तरतूद २००० च्या कायद्यातही कलम १९ मध्ये होती. म्हणून जुन्या कायद्याखाली निकाली निघालेल्या प्रकरणांनाही हेच संरक्षण मिळते. वय कोणत्या दिवशीचे धरायचे, हा वाद २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मिटवला: गुन्हा घडला त्या दिवशीचे. अटक कधी झाली, प्रकरण मंडळापुढे कधी आले, यावर ते अवलंबून नाही. सतराव्या वर्षी घडलेल्या प्रसंगाबद्दल एकोणिसाव्या वर्षी पकडले, तरी तो बालकच. शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी, असा वय ठरवण्याचा क्रम आहे. आपण त्या वेळी अल्पवयीन होतो, हा मुद्दा प्रकरणाचा अंतिम निकाल लागल्यानंतरही कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो. ज्याचा खटला चुकून प्रौढांच्या न्यायालयात चालला, त्याच्यासाठी ही वाट फार मोलाची आहे.

आता अपवाद. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर जी चर्चा पेटली, तिच्यातून २०१५ च्या कायद्यात एक नवी व्यवस्था आली. १६ पूर्ण झालेल्या आणि १८ पूर्ण न झालेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणामांची जाण याची प्राथमिक पाहणी करते आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. त्या न्यायालयाने प्रौढाप्रमाणे खटला चालवून त्याला दोषी ठरवले, तर कलम २४ चे संरक्षण मिळत नाही आणि नोंदही नष्ट न होता न्यायालयाकडे राहते. खून, बलात्कार अशा प्रकरणांत या मार्गाने दोषी ठरलेल्या व्यक्तीला पोलिसात जाण्याची वाट व्यवहारात बंदच होते. पण हा अपवाद अरुंद आहे. वय, गुन्ह्याची प्रत, बाल न्यायालयाचा निर्णय आणि दोषसिद्धी या चारही गोष्टी एकत्र आल्या तरच तो लागू होतो. निर्घृण गुन्ह्याचा आरोप झाला, पण प्रकरण मंडळाकडेच राहिले, तर संरक्षण पूर्ण मिळते.

कायदा इतका स्पष्ट असताना अडचण येते ती पडताळणीच्या टप्प्यावर. महाराष्ट्रात पोलीस शिपाई पदासाठी साधारणपणे १८ ते २८ वर्षांचे उमेदवार अर्ज करतात. राखीव प्रवर्गांना वयात सवलत असते. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी परीक्षा १०० गुणांची. तात्पुरती निवड झाली की कागदपत्रे, वैद्यकीय तपासणी आणि मग साक्षांकन नमुना भरणे येते. या नमुन्यात उमेदवार जिथे जिथे राहिला ते पत्ते लिहायचे असतात आणि एक ठरावीक प्रश्न असतो: आपणास कधी अटक झाली आहे काय, आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय, कधी खटला चालला आहे काय. खाली इशारा असतो की माहिती खोटी आढळल्यास किंवा दडवल्यास उमेदवारी रद्द होईल. वर्षभर पहाटे उठून मैदानावर घाम गाळलेला एकोणीस वर्षांचा मुलगा या ‘कधी’पाशी पेन घेऊन थबकतो. त्या शब्दाला वयाची मर्यादा घातलेली नसते. ‘होय’ लिहावे तर निवड जाण्याची भीती, ‘नाही’ लिहावे तर दडवल्याचा ठपका. कोपऱ्यातल्या सायबर कॅफेत किंवा अकादमीच्या खोलीत मिळणारा सल्ला बहुतेक वेळा ‘नाही लिहून टाक’ असाच असतो.

माहिती दडवण्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा आधारभूत निकाल २०१६ चा, ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणातला आहे. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्याआधीचे परस्परविरोधी निकाल तपासून सूत्रे घालून दिली. उमेदवाराने माहिती खरी द्यावी, हे पहिले. पण दडवणूक सापडली म्हणून डोळे मिटून नेमणूक रद्द करायची नाही. गुन्हा काय होता, वय काय होते, पद कोणते आहे, हे पाहायचे. कोवळ्या वयात दिलेल्या घोषणांसारखी किंवा किरकोळ गुन्ह्याची बाब असेल, तर नियुक्ती करणाऱ्याने ती नजरेआड करावी. उलट खरी माहिती दिली म्हणून नेमणूक मिळालीच पाहिजे असेही नाही. पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार राहतोच. प्रश्न मोघम नसावा, नेमका असावा, आणि जे विचारलेच नाही ते सांगितले नाही म्हणून दोष देता येत नाही, हेही न्यायालयाने बजावले. साक्षांकन नमुन्यातील तो ‘कधी’ या कसोटीवर कितपत उतरतो, हा विचार प्रत्येक पोलीस घटकाने करायला हवा.

त्याआधी २०११ मध्ये दिल्ली पोलिसांतील एका हेड कॉन्स्टेबल पदाच्या उमेदवाराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजले होते. मारामारीचा गुन्हा, नंतर तडजोड आणि सुटका, आणि अर्जात त्याचा उल्लेख नाही, अशी ती हकीकत. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांच्या पीठाने तरुण वयातील चुकांकडे उदारपणे पाहावे असे म्हणत उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्रात व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील जाँ वालजाँचा दाखला आहे, ज्याच्या कपाळी पावाच्या चोरीमुळे जन्मभराचा डाग लागला. पण २०१३ मध्ये दिल्ली पोलिसांच्याच दुसऱ्या प्रकरणात त्याच न्यायालयाने उलट सूर लावला: पोलीस दलाची शिस्त आणि लोकांचा विश्वास मोठा, आणि तडजोडीतून मिळालेली सुटका म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. सज्ञान उमेदवारांबाबतचा हा ताण आजही मिटलेला नाही.

अल्पवयीनांच्या बाबतीत मात्र सज्ञानांसाठीचा हा निकष तसाच लागू करणे चूक आहे. २०१९ मध्ये केंद्रीय पोलीस दलांच्या भरतीतून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक ठसठशीतपणे दाखवला. उमेदवारावर अल्पवयात विनयभंगाशी संबंधित कलमे लागली होती, पुढे त्याची सुटका झाली, तरी निवड समितीने त्याला अयोग्य ठरवले होते. आरोप खरे मानले तरी ते कृत्य अल्पवयातले असल्यामुळे त्या आधारावर नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. अल्पवयात दोषी ठरला तरी तो डाग पुसला जावा आणि मूल इतरांसारखेच समाजात परतावे, हा या कायद्याचा हेतू असल्याचे न्यायालयाने म्हटले. पुढच्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले: अल्पवयातील प्रकरणांची माहिती उमेदवाराकडून मागणेच त्याच्या खासगीपणाच्या व प्रतिष्ठेच्या हक्काचा भंग आहे, असे त्याने ठरवले. मग अशी माहिती लिहिली नाही, याला दडवणूक म्हणता येत नाही. महाराष्ट्रातील अधिकाऱ्यांवर तो निकाल थेट बंधनकारक नाही, पण त्यामागचा तर्क भक्कम आहे. जी गोष्ट पोलिसांनी स्वतः उघड करायची नाही, ती उमेदवाराच्या हातून वदवून घेणे म्हणजे कलम ७४ ला मागच्या दाराने वळसा घालणे होय.

भरती अधिकाऱ्यांकडून एक युक्तिवाद नेहमी केला जातो: कायद्याने अपात्रता काढली आहे, पण योग्य-अयोग्य ठरवण्याचा अधिकार आमच्याकडे आहे. अपात्रता आणि अयोग्यता हे दोन शब्द वेगळे आहेत हे खरे. मोघम पाहिले तर युक्तिवाद पटतोही. हातात काठी आणि पुढे बंदूक येणाऱ्या माणसाचा स्वभाव पाहायलाच हवा. पण ज्या नोंदीवरून अयोग्यता काढायची ती नोंद पडताळणीच्या फाईलमध्ये येताच कामा नये, असा कायदा आहे. स्वभाव पाहायचाच तर अठरा वर्षांनंतरची वागणूक, प्रशिक्षणातील शिस्त, परिविक्षेचा काळ हे सगळे खात्याच्या हातात असतेच. १८ नंतर घडलेला गुन्हा, तो कितीही लहान असला तरी, या संरक्षणात येत नाही आणि तो लिहावाच लागतो.

नोंद नष्ट होण्याचे वेळापत्रकही समजून घेण्यासारखे आहे. मंडळाच्या आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत ३० दिवसांची. आदर्श नियमांप्रमाणे दोषी ठरल्याच्या नोंदी अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षे जपायच्या, त्याहून जास्त नाही, आणि मग नष्ट करायच्या. सोळाव्या वर्षी निकाल लागलेल्या मुलाची नोंद अशा हिशेबाने त्याच्या तेविसाव्या वर्षापर्यंत दप्तरात असू शकते. शिपाई भरतीची उमेदीची वर्षे नेमकी हीच. म्हणून या उमेदवारांना नोंद नष्ट होण्यापेक्षा ती उघड न करण्याच्या बंधनाचाच खरा आधार असतो.

शिवाय मंडळाने आदेश दिला तरी तो सगळीकडे पोहोचतोच असे नाही. मंडळाची फाईल एका ठिकाणी, ठाण्याची दैनंदिनी दुसऱ्या ठिकाणी, संगणकीय गुन्हे नोंद प्रणालीतील नोंद तिसऱ्या ठिकाणी. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर संकेतस्थळावर टाकले जातात, तेव्हा प्रौढांबरोबरच्या गुन्ह्यात मुलाचे नाव झाकण्याची काळजी न घेतल्यास ते तिथूनही फिरू लागते. आणि खेड्यात तर कागदाचीही गरज नसते. पडताळणीला आलेला बीट हवालदार पोलीस पाटलाकडे चहा घेतो, ‘पोरगा कसा आहे’ विचारतो, आणि पाच वर्षांपूर्वीची यात्रा आपोआप अहवालात उतरते. या ऐकीव ओळीला कायद्यात काहीही स्थान नाही, पण फाईलमध्ये ती शिरली की खोडणे अवघड.

अशा उमेदवाराने भरतीच्या जाहिरातीची वाट न पाहता आधीच काही गोष्टी हाताशी ठेवाव्यात. मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत घ्यावी. त्यात नोंदी नष्ट करण्याचा निर्देश नसेल, तर तो मिळावा म्हणून मंडळाकडे अर्ज करावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून यासाठी विनामूल्य वकील मिळू शकतो. प्रौढ सहआरोपींचा खटला चालू असेल, तर आपले प्रकरण वेगळे होऊन निकाली निघाल्याचा कागद विशेष जपावा. चौकशी अजून प्रलंबित असेल, तर नोंद उघड न करण्याचे बंधन पोलिसांवर असते, पण कलम २४ चे संरक्षण निकाल लागल्यावरच मिळते. तेथे वकिलाला विचारूनच नमुना भरावा. आणि ‘होय’ लिहायचे ठरलेच, तर त्यासमोर गुन्ह्याच्या दिवशीचे वय आणि प्रकरण बाल न्याय कायद्याखाली निकाली निघाल्याची तारीख लिहावी. नुसत्या ‘होय’ने समितीपुढे चित्र चुकीचे जाते.

नेमणूक झाल्यानंतर जुने प्रकरण बाहेर आले तर काय, याचेही उत्तर २०१६ च्या अवतार सिंग निकालात आहे. परिविक्षेवर असलेल्या शिपायापेक्षा सेवेत कायम झालेल्याची स्थिती अधिक सुरक्षित असते. माहिती दडवल्याच्या कारणावरून त्याला काढायचे तर आधी विभागीय चौकशी करावी लागते. त्या चौकशीत गुन्ह्याच्या दिवशी तो अठरा वर्षांखाली होता हे दहावीच्या प्रमाणपत्रावरून दाखवता आले, तर कलम २४ आणि कलम ७४ ही दोन्ही त्याच्या बाजूने उभी राहतात, आणि नोंद बाहेर कोणी काढली हा प्रश्न मग खात्यालाच विचारता येतो.